‘ग्रीन’ फ्लॅट: तिन्ही ऋतू राहून झाल्यावरचा अनुभव

पुण्यात वाकडच्या बाजूला शेवटच्या मजल्यावरचा टू बीएचके आहे. ब्रोशरमध्ये ‘एनर्जी एफिशियंट, लो कार्बन’ असं पानोपानी छापलं होतं.

खरा उपयोग झाला तो सेल्सवाल्याने न दाखवलेल्या गोष्टींचा. हॉलला समोरासमोर खिडक्या आहेत, संध्याकाळी वारा आरपार जातो. एसी हॉलमध्ये बसवलाच नाही. गच्चीवर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी आहे. ब्रोशरच्या भाषेत ‘कूल रूफ टेक्नॉलॉजी’. जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर हेच असतं! पण स्लॅब रात्री तापलेला राहत नाही, हे खरं.

पश्चिमेची बेडरूम मात्र भट्टी. छज्जा आहे, पण मावळतीचं ऊन त्याच्या खालून थेट पलंगावर येतं. काचेतून ऊन आत शिरल्यावर पडदा ओढून फारसं काही होत नाही. बाहेरून बांबूची चिक लावली तेव्हा फरक पडला. त्यावर सोसायटीची नोटीस आली, ‘एलिव्हेशन’ म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो म्हणून.

मग नियम वाचले. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा आहे, पण ती अख्ख्या इमारतीची सरासरी. उत्तरेकडचे फ्लॅट थंड असले की आमची भिंत खपून जाते. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी उघडते निम्मीच, आणि वाऱ्यासाठी संहिताही ती निम्मीच धरते. त्यामुळे फ्लॅट बघायला मे महिन्यात, संध्याकाळी पाचला जा, आणि खिडक्या उघडून बघा.

भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या. उष्णता कमी येते, पण कॉलमच्या सांध्यावर उभ्या भेगा पडल्यात आणि भिंतीत ठोकलेल्या साध्या प्लास्टिक प्लगमध्ये स्क्रू टिकत नाही.

सोलरचं गरम पाणी आम्हाला लगेच मिळतं, टाकी डोक्यावरच आहे. खालच्या मजल्यांवर आधी बादलीभर गार पाणी सोडावं लागतं. पावसाळ्यात सगळ्यांनाच गीझर.

‘लो कार्बन’चं म्हणाल, तर सिमेंट आणि स्टील बनतानाचा कार्बन आपण राहायला येण्याआधीच हवेत गेलेला असतो. म्हणून फ्लाय अ‍ॅशचं (कोळशाच्या वीज केंद्रातली राख मिसळलेलं, कमी कार्बनचं) सिमेंट किती वापरलं, असं बिल्डरच्या ऑफिसात विचारलं. त्यांनी ‘ग्रीन’ इमारतीचं प्री-सर्टिफिकेट दाखवलं. ते बांधकामाआधी, ड्रॉइंग बघून मिळालेलं आहे.