चोबेची फोटो-बोट आणि तिचा नावाडी

चोबे नदीवरच्या या फोटो-बोटीला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो बोटीच्या छपरासाठी, त्याबद्दल पुढे येतंच.

माझा सावंतवाडीत फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, जे येईल ते करतो. भाचा जोहान्सबर्गला असतो, म्हणून जुलैत व्हिक्टोरिया धबधबा बघायला गेलो आणि तिथून साधारण ८० किलोमीटरवर बोट्स्वानातल्या कासानेला पोचलो. आमच्या दोडामार्ग-तिलारी पट्ट्यात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरतात. त्यामुळे आमच्याकडे हत्ती आला म्हटलं की लोक आधी बागेतले माड आणि केळी मोजायला धावतात. कोणाचं काही न मोडता निवांत पाणी पिणारा कळप मी पहिल्यांदा चोबे नदीवरच बघितला.

कासानेत दोन तऱ्हेच्या बोटी मिळतात. एक मोठी दुमजली, वर खुर्च्या, खाणंपिणं, फिरायला मजा. दुसरी फोटोवाल्यांसाठीची बुटकी, सपाट बुडाची. हिच्यात प्रत्येकाला गोल फिरणारी खुर्ची, आणि खुर्चीलाच लोखंडी आर्म लावून त्यावर गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून हवी तिकडे वळवू देणारं स्टँड, बसवलेलं. लेन्सचं सगळं वजन आर्मवर, आपण बोटाने ढकलायचं. फोटोच काढायचे असतील तर हीच घ्या. जीपमधून हत्ती वरून किंवा बरोबरीने दिसतो. इथे कॅमेरा पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतो, त्यामुळे काठावरचं पिल्लूसुद्धा आकाशाला टेकल्यासारखं येतं. आमच्या सौ. पहिल्या नराला बघून एवढंच म्हणाल्या, "अगो बाय, केवढो मोठो!"

पण खुर्ची आणि आर्म कोणीही वेल्डिंग करून देईल. या सेवेचे पैसे वसूल होतात ते नावाड्यामुळे. आमचा नावाडी कळप दिसला की लगेच तिकडे धावायचा नाही. आधी वारा बघायचा, मग कळपाचं तोंड कुठे आहे ते, आणि ते ज्या उतारावरून पाण्यात येणार त्याच्या बाजूला, बऱ्यापैकी लांब, इंजिन बंद करून थांबायचा. इंजिन चालू असेल तर ती थरथर आर्ममधून थेट लेन्समध्ये येते, हे त्याला सांगावं लागलं नाही. एकदा कळप नदीतल्या सेडुडू बेटाकडे पोहत निघाला. मोठ्यांच्या सोंडा वर, मधे पिल्लं. दुसऱ्या दोन बोटी त्यांच्या वाटेत घुसल्या. आमच्यातला एक पाहुणा "जवळ घ्या, जवळ घ्या" करत होता. नावाडी हसला आणि जागचा हलला नाही. पुढची हत्तीण कान पसरून त्या बोटींकडे वळली, थांबली, आणि मग कळप वाकडी वाट करून आमच्या समोरून गेला. माझे बरे फोटो सगळे त्या दहा मिनिटांतले.

(हे बेट म्हणजे बोट्स्वाना आणि नामिबियाने ज्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला लढवला ते. १९९९ मध्ये निकाल बोट्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना दोन्हीकडचं गवत चालतं.)

उजेडाचं गणित आपल्या उलट आहे, हे लक्षात ठेवा. तिकडे जून-जुलैत सूर्य उत्तरेकडून असतो. चोबे नॅशनल पार्क, म्हणजे हत्तींचं अभयारण्य, नदीच्या दक्षिण काठावर, म्हणजे बोटीतून त्या काठाकडे बघताना ऊन आपल्या पाठीशी आणि हत्तीच्या तोंडावर. बेटावरच्या हत्तींना मात्र दक्षिणेच्या प्रवाहातून बघताना ऊन समोरून येतं. धूळ उडाली तर ते छानच, पण एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) हाताने सांभाळा. ओला हत्ती जवळजवळ काळा आणि पाठ कोरडी, मातकट. काळ्या सुटातला नवरा आणि पांढऱ्या भिंतीपुढची नवरी एकाच फ्रेममध्ये घेताना जो घोळ होतो तोच. पोहणाऱ्या कळपाला शटर हजाराच्या, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, खाली नेऊ नका, शिंतोडे गोठवायचे तर दोन हजार.

लेन्सबद्दल: १००-४०० मिलिमीटरची झूम पुरते. माझ्या शेजारचे सहाशेची फिक्स्ड (झूम न होणारी) घेऊन बसले होते आणि हत्ती जवळ आल्यावर त्यांना फक्त डोळा आणि सुरकुत्या मिळत होत्या. कॅमेरा नसेल तर बोटीवर भाड्याने मिळतो, पण त्यात आधीच्या पाहुण्याची सेटिंग्ज तशीच होती. हातात घेतल्याबरोबर रीसेट करा. सोबतचा शिकवणारा फोटोग्राफर नवख्यांना धीराने समजावतो. आपल्याला येत असेल तर त्याची बडबड थोडी जास्त वाटेल.

आता छप्पर. दुपारच्या उन्हात ते हवंच, कबूल. पण त्याची कड इतकी खाली आहे की डोक्यावरून जाणारा मत्स्यगरुड एकदाही फ्रेममध्ये आला नाही. पुढचा भाग उघडता येईल असा केला तर काय बिघडेल?

दुपारचीच फेरी घ्या. कळप पाण्यावर दुपार कलल्यावर येतात, सकाळची फेरी पक्षी आणि पाणघोड्यांसाठी. जुलैत सकाळी नदीवर बोटं आखडतील इतकी थंडी असते, परत येतानाही जाकीट लागतं. अंधार पडायच्या आत पार्कबाहेर पडावं लागतं, त्यामुळे सूर्यास्ताचा फोटो घाईत होतो. पार्कची फी तिकिटात धरली आहे का ते बुकिंग करतानाच विचारा. आणि जागा निवडायला मिळाली तर जाताना डावी बाजू धरा. बोट पश्चिमेकडे जाते, पार्कचा काठ डावीकडे राहतो.