साइड-बाय-साइड युटिलिटी गाडी: ब्रेक चांगले, पण उतारावर ड्राइव्ह बेल्टचं भान ठेवा

शेजारी-शेजारी सीट असलेली, कच्च्या रस्त्यावरची ही गाडी. चारही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि ती चालते सीव्हीटी बेल्टवर, म्हणजे इंजिनची ताकद पट्ट्याने चाकांकडे नेणाऱ्या ऑटोमॅटिक यंत्रणेवर. सपाट मातीवर झकास थांबते. खरी परीक्षा उतारावर. इंजिन ब्रेकिंगची (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननेच गाडी रोखण्याची) सोय नसलेल्या मॉडेलमध्ये आरपीएम (इंजिनचे फेरे) खाली गेले की क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळते. सगळा भार डिस्कवर येतो. म्हणून घेताना ही सोय आहे का, हे आधी विचारा. बाकी कपहोल्डर वगैरे नंतर बघा.

उतार लागण्याआधीच पूर्ण थांबून लो गिअर (कमी वेगाचा, जास्त जोराचा) टाका. गाडी सरळ खाली न्या, पेडल हलकं दाबा-सोडा. चाकं लॉक झाली की स्टिअरिंग ऐकत नाही. तेव्हा पाय थोडा उचलायचा, आणखी दाबायचा नाही. उतारावर आडवं वळू नका. गाडी कलंडू लागली तर हात-पाय आतच ठेवा. सीटबेल्ट आणि दारावरची जाळी त्यासाठीच आहे.

पाण्यातून निघाल्यावर पॅड ओले असतात. हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवा, पकड परत येते.

पेडल स्पंजसारखं लागलं तर ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा ब्रेक फ्लुइड उकळलंय. डॉट ४ प्रकारचं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे दोन वर्षांनी बदला. चिखलात पॅड फार लवकर झिजतात, ही या गाडीची खरी डोकेदुखी. उभी करताना पार्किंग ब्रेक आणि, लोड असेल तर, चाकाला दगड.