एकच काउन्सिल, दोन ओम्बुड्समन: गाऱ्हाणं कुठे न्यायचं?

भिंतीवर बुरशी चढलेली, त्याच खोलीत दम्याचा त्रास असलेलं लहान मूल, आणि घर बदलून मिळावं म्हणून केलेला अर्ज आठ महिने तसाच पडून. इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची ही अवस्था होती. त्यांनी सगळं एकाच पत्रात लिहून एकाच ओम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या लोकपालाकडे, पाठवलं. उत्तर आलं, अर्धी तक्रार आमच्याकडे येते, उरलेली दुसऱ्या कार्यालयाकडे न्या. घरातलं संकट एकच होतं, पण कायद्याने त्याचे दोन तुकडे केलेले होते, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी आधी एवढंच विचारते: या बाबतीत काउन्सिल तुमची घरमालक आहे, की कारभार चालवणारी संस्था? घरमालक असेल तर हाऊसिंग ओम्बुड्समन. कारभाराची तक्रार असेल तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे ‘स्थानिक ओम्बुड्समन’ म्हणते. दोन्हीकडे फी नाही, वकील लागत नाही, आणि काउन्सिलला आधी स्वतःची चूक सुधारायची संधी दिल्याशिवाय दोघंही सहसा हात घालत नाहीत. (हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही विभागणी नाही, तिथे एकच ओम्बुड्समन दोन्ही पाहतो.)

ओल, गळती, बंद पडलेली लिफ्ट, दुरुस्तीला न येणारा माणूस, लीजहोल्डरला (लांब मुदतीच्या पट्ट्यावर फ्लॅट घेतलेल्याला) मिळणारी वाईट सेवा, हे हाऊसिंगचं. घराच्या प्रतीक्षायादीतला अग्रक्रम, बेघर झाल्यावर मिळालेली वागणूक, कचरा, प्लॅनिंग (बांधकामाची परवानगी), काउन्सिल टॅक्सच्या वसुलीतला घोळ, वृद्धांची देखभाल, विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण, हे स्थानिकचं. तुम्ही खासगी घरमालकाकडे भाड्याने राहता आणि घर धोकादायक असूनही काउन्सिलचे अधिकारी पाहायला आले नाहीत, तर तीही तक्रार स्थानिककडे जाते. घराचा विषय असला तरी तिथे काउन्सिल घरमालक नसते. एप्रिल 2013 पर्यंत काउन्सिलच्या भाडेकरूंच्या तक्रारीही स्थानिककडेच जात. त्यामुळे जुने जाणकार आजही चुकीचा पत्ता देतात, त्यांचा राग धरू नका.

मुदतीतला फरक मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच खूप जण अडकतात. स्थानिक ओम्बुड्समनकडे 12 महिने मोजतात ते गोष्ट तुम्हाला कळली त्या दिवसापासून. काउन्सिलशी पत्रापत्री चालू असली तरी घड्याळ चालूच राहतं. त्यामुळे काउन्सिलने टोलवाटोलवी केली तर शांत बसू नका. साधारण 12 आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही, तर थेट जाता येतं. हाऊसिंगकडे घटनेनंतर 12 महिन्यांच्या आत घरमालकाकडे रीतसर तक्रार केलेली असावी लागते, आणि त्यानंतरचे 12 महिने अंतिम उत्तरापासून सुरू होतात. भाडेकरूसाठी ही पद्धत जास्त सोयीची आहे, असं माझं मत.

घरमालकाने तक्रारी कशा हाताळायच्या याची हाऊसिंगची संहिता 1 एप्रिल 2024 पासून कायद्याने बंधनकारक आहे: पाच कामाच्या दिवसांत पोच, त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत पहिल्या टप्प्याचं उत्तर, दुसऱ्या टप्प्याला वीस. स्थानिकनेही जवळजवळ तशीच संहिता काढली आहे, पण ती मार्गदर्शनाच्या स्वरूपात. फोनवर केलेली तक्रारही धरली जाते आणि ‘कम्प्लेंट’ हा शब्द वापरलाच पाहिजे असं नाही, पण लेखी असलेलं बरं. ईमेलच्या विषयातच ‘कम्प्लेंट’ हा शब्द लिहा, नाहीतर तुमचं गाऱ्हाणं ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’ (कामाची साधी मागणी) म्हणून नोंदवलं जाऊ शकतं आणि टप्पे सुरूच होत नाहीत.

आता तपासतात काय? स्थानिक ओम्बुड्समन निर्णय बरोबर की चूक हे ठरवत नाही. निर्णय घेण्याच्या पद्धतीत दोष होता का, आणि त्या दोषामुळे तुमचं नुकसान झालं का, हे दोनच प्रश्न. शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाला परवानगी मिळाली आणि तुमचा उजेड गेला, असं समजा. अधिकाऱ्याने उजेडाचा मुद्दा अहवालात तपासून फेटाळला असेल, तर तुम्हाला कितीही अन्याय वाटला तरी दोष निघणार नाही. तुमचं हरकतपत्र पाहिलंच गेलं नाही, तर दोष निघू शकतो. पण तेव्हाही परवानगी रद्द करण्याचा अधिकार त्यांना नाही. हे आधी माहीत नसेल तर निकाल वाचताना फार जिव्हारी लागतं. शिवाय नुकसान किरकोळ असेल तर चौकशीच होत नाही: एकदा कचरा उचलला नाही तर नाही, वारंवार सांगूनही महिनोन्‌महिने उचलला नाही तर होते.

हाऊसिंगमध्ये जमीन जास्त ठोस आहे. दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी, त्यात मतभेदाला जागा थोडी. 27 ऑक्टोबर 2025 पासून ‘अवाब्ज लॉ’चा, म्हणजे घरातले धोके दूर करायला अशा घरमालकांना मुदत घालून देणाऱ्या कायद्याचा, पहिला टप्पा लागू झाला: तातडीच्या धोक्यावर 24 तासांत कारवाई, गंभीर ओल-बुरशीची पाहणी दहा कामाच्या दिवसांत. आता तारखा मोजून दाखवता येतात. इथे निकालाला पायऱ्याही असतात, सेवेतली त्रुटी, गैरव्यवस्थापन, गंभीर गैरव्यवस्थापन.

कागदावर हाऊसिंगचा हात जड दिसतो, कारण तो आदेश देतो आणि स्थानिक फक्त शिफारस करतो. पण एवढ्यावरून स्थानिकला कमी लेखू नका. काउन्सिल जवळजवळ सगळ्या शिफारसी पाळतात. न पाळल्यास जाहीर अहवाल निघतो आणि तो त्यांना विचारात घ्यावाच लागतो. पैशांची अपेक्षा दोन्हीकडे माफक ठेवा. मनस्तापासाठी स्थानिककडे साधारण 500 पौंडांपर्यंतच सुचवतात. हाऊसिंगच्या मार्गदर्शनात गंभीर प्रकरणांना 1000 पौंडांहून जास्त भरपाई आहे. अपवाद शिक्षणाचा: मुलाची शाळा बुडाली तर स्थानिक ओम्बुड्समन प्रत्येक सत्रामागे 900 ते 2400 पौंड सुचवतो. पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

काही बाबतीत दोन्ही दारं बंद असतात. काउन्सिल टॅक्सचा बँड, पार्किंगचा दंड, सर्व्हिस चार्ज वाजवी आहे का, मुलाच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलाला मिळणाऱ्या मदतीच्या आराखड्यात) काय लिहिलं, हे सगळं वेगवेगळ्या ट्रायब्युनलचं (न्यायाधिकरणांचं). मात्र तोच प्लॅन वीस आठवड्यांच्या मुदतीत मिळाला नाही, तर उशिराची तक्रार स्थानिक ओम्बुड्समन घेतो. सगळ्याच रहिवाशांना सारखी लागू होणारी गोष्ट, जसं की करवाढ, तो पाहत नाही.

कोर्टाचा विचार मनात असेल तर वेळ फार थोडा आहे. न्यायालयीन पुनर्विलोकनाला (काउन्सिलच्या निर्णयाला कोर्टात आव्हान द्यायला) शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त तीन महिने, प्लॅनिंगला तर सहाच आठवडे. तक्रारीचे टप्पे पूर्ण होईपर्यंत ही मुदत निघून जाते, आणि कोर्टात गेलात की त्याच मुद्द्यावर ओम्बुड्समन येत नाही. आज रात्री डोक्यावर छप्पर नसेल, तर ओम्बुड्समनची वाट पाहू नका. ‘शेल्टर’ ही बेघरांना मदत करणारी संस्था किंवा घरांच्या प्रकरणांचं काम करणारा वकील गाठा.

आई-वडिलांना इंग्रजी जड जात असेल तर त्यांच्या लेखी संमतीने तुम्ही तक्रार करू शकता. लिहिताना काउन्सिल किती वाईट आहे हे लिहू नका. कोणत्या तारखेला काय घडायला हवं होतं, काय घडलं, घरात त्याचा परिणाम काय झाला, आणि तुम्हाला काय हवंय, एवढं एका पानावर मांडा.

त्या कुटुंबाने पुढे तेच केलं. बुरशीचं पत्र वेगळं, त्याला तारीखवार फोटो आणि दुरुस्तीच्या फोनची यादी. अर्जाचं पत्र वेगळं, त्याला अर्जाची पोच आणि आठ महिन्यांतले ईमेल. मुलाच्या डॉक्टरांचं पत्र दोन्हींना जोडलं.