मटेरियलसकट ठेका की फक्त मजुरी?

सरकारी बँकेचं गृहदुरुस्ती कर्ज सहसा एकरकमी मिळत नाही. काम पुढे सरकेल तसे बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते. त्यामुळे ठेका कसा द्यायचा, हे ठरवताना कर्जाच्या कागदांचाही विचार करावा.

मटेरियलसकट ठेक्यात माल आणि मजुरी मिळून एकच कोटेशन बँकेला दाखवता येतं. पण त्यात नुसतं ‘चांगल्या टाइल्स’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. ब्रँड, साइज, प्रति चौरस फूट दर आणि डेब्रिज उचलण्याचा खर्च स्वतंत्र ओळींत हवा. नाहीतर पाइप आणि वॉटरप्रूफिंगमध्ये, म्हणजे जे नंतर दिसत नाही तिथेच, काटछाट होते.

फक्त मजुरीवर दिलं तर माल तुमच्या पसंतीचा, पण बिलं आणि हिशेबही तुमच्याच गळ्यात. ३०० चौरस फुटांना, कापण्या-फुटण्याचं धरून, ३३० चौरस फूट टाइल्स एकदमच घ्या, खोक्यांवरचा बॅच नंबर जुळवून. नंतर आणलेल्या खोक्याची छटा बऱ्याचदा वेगळी निघते. सिमेंट लागेल तसंच आणा, पावसाळ्यात उघड्या गोणीतलं सिमेंट लवकर कडक होतं. आणि गळती झाली की मिस्त्री मालाला दोष देतो, दुकानदार मिस्त्रीला.

म्हणून बाथरूम असेल तर आमचं मत मटेरियलसकट ठेक्यालाच. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी तुंबवून ठेवा, खालच्या मजल्यावरचं छत तपासा, मगच टाइल्स बसवू द्या. दहा टक्के रक्कम शेवटपर्यंत हातात राखा. नुसता रंग किंवा एखादी भिंत असेल, तर मजुरीवर खुशाल द्या.

सोसायटीची लेखी परवानगी मात्र दोन्हीकडे आधी.