'३०० डीपीआय'च्या आडून झालेली फसवणूक

समारंभाची छायाचित्रे 'उच्च रिझोल्यूशन, ३०० डीपीआय' अशा स्वरूपात देण्याचे एका छायाचित्रकाराने आम्हाला लेखी कबूल केले होते, आणि त्याने दिलेल्या प्रत्येक फाइलच्या गुणधर्मांत ३०० हा आकडा खरोखरच होता. फसवणूक नेमकी त्याच आकड्याच्या आडून झाली.

फाइलमध्ये नोंदवलेला डीपीआय ही छपाईसाठीची केवळ सूचना असते. एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, बसवायचे, एवढेच ती सांगते. तपशील किती आहे हे कळायचे, तर आधी लांबी-रुंदीतले पिक्सेल पाहावे लागतात. ६००० × ४००० पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने छापले तर २० इंच लांब होते, १६०० × १०६७ चे जेमतेम सव्वापाच इंच. दोन्हींवर ७२, ३०० किंवा हवा तर ३००० असा शिक्का मारता येतो. त्याने एकही पिक्सेल वाढत नाही.

आम्हाला आधी १६०० पिक्सेलच्याच फायली मिळाल्या. हरकत घेतल्यावर त्याने 'मूळ फायली' म्हणून ६००० पिक्सेलच्या, वजनालाही भरभक्कम अशा फायली पाठवल्या. आकडे जुळले, तरी मोठा प्रिंट धुरकटच आला, म्हणून संगणकावर फाइल १०० टक्के आकारात, म्हणजे फाइलचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल अशी, उघडून पाहिली. केसांच्या बटांच्या जागी मेण ओतल्यासारखा गुळगुळीत पट्टा होता आणि कपड्यांच्या कडांलगत साधारण ३० पिक्सेल रुंदीचे चौकोन उमटलेले होते. जेपीईजी या छायाचित्रांच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात फाइल लहान करण्यासाठी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडून ते दाबले जाते. १६०० चे ६००० करताना चित्र पावणेचार पट ताणले जाते, आणि आठ पावणेचार म्हणजे बरोबर ३०. आधीचीच लहान फाइल सॉफ्टवेअरने फुगवून आमच्या हाती दिली होती. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने असे चौकोन सफाईने पुसून टाकतात आणि नसलेले केसही रंगवतात, त्यामुळे आमच्याइतका सरळ पुरावा प्रत्येकाच्या हाती लागेलच असे नाही.

हे दाखवल्यावर त्याचे उत्तर शांत होते: करारात ३०० डीपीआय लिहिले होते, ते दिले, कॅमेऱ्यातल्या फायली हव्या असतील तर त्यांचे वेगळे पैसे पडतील. 'मूळ फायली' हे खोटे होते, पण ३०० च्या आकड्यापुरता शब्दशः तो खोटे बोलत नव्हता, हाच या व्यवहारातला सर्वांत संतापजनक भाग.

म्हणून करारात डीपीआयऐवजी लांब बाजूचे किमान पिक्सेल लिहून घ्यावेत, त्यासोबत 'कृत्रिमरीत्या न वाढवलेले' ही अट घालावी, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी काही फायली १०० टक्के आकारात तपासाव्यात. मात्र कडा कापून चौकट नेटकी केलेले छायाचित्र प्रामाणिकपणेही लहान भरते. तेवढी सवलत त्याच कलमात नोंदवावी, नाहीतर मर्यादा गाठण्यासाठी नेमक्या त्याच फायली फुगवल्या जातील.