मासळीच्या डब्यातली उबवणपेटी : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

रिले, म्हणजे हीटरची वीज जोडणारा-तोडणारा खटका, चिकटला. तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या पट्टीवरचा दिवा विझलेला, म्हणजे तिच्या मते हीटर बंद. इकडे पाण्यात हीटर मजेत पेटलेला आणि तापमान ३१ अंशांच्या वर. आत दिवड सापाची अंडी, एकमेकांना चिकटलेला अख्खा घोस. ती वाचली, पण या डब्ल्यू १२०९ नावाच्या पट्टीमुळे नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी तिचं कौतुक केलं तरी भुलू नका.

रचना बहुतेकांना माहीत आहे. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा डबा, तळाला पाणी, त्यात पूर्ण बुडणारा मत्स्यटाकीचा हीटर आडवा, पाण्यातून डोकं वर काढणाऱ्या विटा, विटांवर अंड्यांचा झाकणवाला प्लास्टिकचा डबा. अंड्यांखाली व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं खनिज), त्यात वजनाला वजन पाणी. बल्बवाली पेटीही करून पाहिली होती. बल्ब हवा सुकवतो आणि वीज गेली की ऊबही त्याच्याबरोबर जाते. पाणी मात्र तासन् तास धरून ठेवतं. भारनियमनाच्या गावात एवढ्या एका गुणावर बाकीचं माफ.

अंडी कुठून आली म्हणाल, तर जेसीबीनं बांध उकरला की ती उघडी पडतात. जागेवरच परत झाकता आली तर झाकायची. नाहीच जमलं तर वनविभागाला कळवून (हेल्पलाइन १९२६), नोंद झाल्यावरच उचलायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'प्राणी' या शब्दात सरपटणाऱ्यांची अंडीही येतात. हौस म्हणून कोणी पेटी बांधणार असेल तर त्यानं पुढचं वाचू नये. उचलताना वरची बाजू पेन्सिलीनं खूण करून तशीच वर ठेवायची, घोस सोडवायचा नाही. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं; सापाचं फिरवलं तर आतलं पिल्लू मरू शकतं.

आता मे महिना. आमच्या साताऱ्यात माडीवरच्या खोलीत दुपारी पारा ३४ ला टेकतो. सापाच्या अंड्यांना २८ ते ३० पुरे. ३२ च्या पुढे सतत राहिलं तर वाकड्या कण्याची पिल्लं निघू शकतात. म्हणजे हीटर बंद, पट्टी गप्प, आणि आकडा तरीही चढतोय. परदेशी व्हिडिओंमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण त्या लोकांची तळघरं थंडगार असतात आणि त्यांना फक्त ऊब द्यायची असते. आपल्याकडे निम्मा हंगाम पेटीचं काम ऊन बाहेर ठेवण्याचं आहे, आणि त्यात पट्टीचा, हीटरचा, रिलेचा काडीचाही उपयोग नाही. उपयोग थर्माकोलच्या जाडीचा आणि पाण्याच्या साठ्याचा. पेटी तळमजल्यावर, मधल्या खोलीत, भिंतीपासून सुटी ठेवली. दिवसभर बाहेरचं झाकण घट्ट, रात्री तिरकं उघडं. आतल्या डब्याला हात नाही. बर्फाच्या बाटलीनं पाणी एकदम उतरतं, म्हणून फार चढलं तर माठातल्या पाण्याची बाटली. एवढ्यावर नागाच्या अंड्यांचा मे निभावला. तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की पट्टीवरचे पैसे वाया गेले.

जुलैनं ते मत फिरवलं. पाऊस लागला की खोली २४ वर येते आणि दिवडाची अंडी पेटीत असताना तीच पट्टी दिवसरात्र राबते. सेटिंग एकदा समजलं की सोपं आहे: पी० वर एच, म्हणजे ऊब देण्याचं काम, पी४ ही आकड्यातली चूक सुधारण्याची जागा. माझी पट्टी दीड अंशानं कमी दाखवत होती. तापमापी शेजारी धरून ते पी४ मध्ये भरलं. प्रोब, म्हणजे पट्टीचं तापमान मोजणारं टोक, पाण्यातच हवा. अंड्यांच्या डब्यात लटकवला तर हवा तापेपर्यंत पाणी भलतीकडे पोचलेलं असतं. पाणी ३०.५ ठेवलं की अंड्यांपाशी २९ मिळतं.

आणि पी१, म्हणजे आकडा किती ढळला की हीटर पुन्हा चालू करायचा ते. कारखान्यातून तो २ अंशांवर येतो. सगळे व्हिडिओवाले ०.१ करा म्हणतात. ०.१ म्हणजे रात्रभर टक, टक, टक. आईनं त्याला 'पाल चुकचुकली' म्हणायला सुरुवात केली आणि घरात कोणीही काही बोललं की पेटी दुजोरा देते असं ठरलं. मला झोप लागेना ते वेगळंच. दोनशेच्या आतली वस्तू, तिच्यात तीस रुपयांचा रिले, आणि अख्ख्या पेटीचा विचार करताना माझ्या डोक्यात तो एकच भाग.

मग तो चिकटला. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की परतीची मुदत संपली आहे, आणि तक्रार करायची तर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. वस्तू वापरून बिघडली, डबा उघडताना नाही, हे तीनदा वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं; तिन्ही वेळा तोच मजकूर परत. शेवटी गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं रिले फोडून आतले दोन संपर्क वितळून जुळलेले दाखवले. "साहेब, दर टक्‌ला आत ठिणगी पडते. पाणी काय पळून जातंय का, एवढं वेळोवेळी चालू-बंद करताय?" नवा रिले ३०, सोल्डरिंगचे २०. पी१ आता ०.५ वर आहे. टकटक तुरळक झाली, आणि अंड्यांपाशी ठेवलेल्या दुसऱ्या तापमापीत फरक दिसला नाही.

अंडी वाचवली ती हीटरवरच्या स्वतःच्या, तापमान ठरवायच्या चकतीनं. तिच्यावर ३२ लावून ठेवलं होतं. पट्टी मेली तरी पाणी ३१.६ ला जाऊन थांबलं. ही दुसरी कडी ज्या हीटरला नाही तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. पाण्याची खालची रेघ मार्करनं आखा. काच उघडी पडून तापली की तडकते. डब्यात हात घालण्याआधी प्लग काढा. बंद करून नव्हे, काढून.

बाकी किरकोळ. झाकणाचे थेंब अंड्यांवर पडू नयेत म्हणून डब्याचं झाकण एका बाजूनं उचललेलं. एक अंडं बुरशीनं गेलं. शेजारची ठणठणीत, म्हणून ते ओढून काढलं नाही. शेवटी अंडी सुरकुतली, मग अंडदंतानं (पिल्लाच्या तोंडावरचा कवच चिरणारा दात) चिरा पडल्या. डोकं बाहेर काढून पिल्लं तशीच बसून राहतात, तिथे मदतीला जायचं नाही. सगळी निघाल्यावर नोंद करून, अंडी सापडली तिथल्याच ओढ्याला सोडली.

खर्च बाराशेच्या आत, डबा मासळीवाल्यानं फुकट दिला. कोंबड्यांची रेडीमेड मशीन घ्या असं सांगणारे भेटतात. ती ३७.५ अंशांवर चालते आणि अंडी फिरवते, दोन्ही आपल्या अंड्यांना मारक. अंडी फिरवणारा ट्रे काढून ३० वर लावता येईल, असं एका विकणाऱ्यानं सांगितलं. येईलही. पण तिचा पंखा अंडी सुकवणार आणि गारवा तिच्याकडेही नाही; माझी मे महिन्यातली अडचण तिथेही तशीच राहणार, फक्त कितीतरी पट पैसे मोजून.