पेनफोल्ड्स बिन २८ शिराझ: वाईन दमदार आहे, पण सोबत काय खाताय ते आधी ठरवा

ऑस्ट्रेलियन रेड म्हटल्यावर ज्यांना काळीभोर, तोंड भरून टाकणारी वाईन हवी असते त्यांच्यासाठी पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीची, शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांची ही बिन २८ अगदी बरोबर. ग्लास तिरका केला तर कडेला जांभळट आणि मध्ये एवढी गडद की पलीकडचं काही दिसत नाही. वास आधी पिकलेल्या प्लमचा, मग ब्लॅकबेरी, थोडं चॉकलेट, आणि मागून व्हॅनिला जो अमेरिकन ओकच्या पिंपातून येतो. अल्कोहोल १४.५ टक्के. मागच्या लेबलवर साधारण ८.६ स्टँडर्ड ड्रिंक्स (एक म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल) असं बारीक अक्षरात असतं ते वाचा, म्हणजे दोघांत बाटली संपवून गाडी काढायचा विचार आपोआप बारगळेल.

हिचं पूर्ण नाव कलिम्ना शिराझ. कलिम्ना हा बरोसा व्हॅलीतला मळा, पेनफोल्ड्सने तो १९४५ मध्ये घेतला. आता मात्र द्राक्षं साउथ ऑस्ट्रेलियातल्या वेगवेगळ्या भागांतून येतात, नाव तेवढं मळ्याचं राहिलंय. मला त्याचं काही नाही, पण एकाच मळ्यातली वाईन हवी असा हट्ट असेल तर बरोसातल्या छोट्या वायनरीज शोधा, तिथे फायलॉक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड कधी पोचलीच नाही त्यामुळे शंभरी पार केलेल्या वेली अजून फळ देतायत.

आता मुद्द्याचं. नुसती प्यायला ही वाईन मला जड वाटते, दुसऱ्या ग्लासला कंटाळा येतो. पण समोर लँब शोल्डर आला, तोही सावकाश तीन-चार तास ओव्हनमध्ये ठेवलेला, वरची चरबी कडेला काळपट कुरकुरीत झालेली, की सगळं चित्रच बदलतं. टॅनिन या वाईनमधल्या तुरट घटकामुळे जीभ जी कोरडी तुरट होते ना, ती मांसातल्या प्रोटीन आणि चरबीमुळे होत नाही आणि मग आतलं फळ वर येतं. रोझमेरी आणि लसूण भरपूर चालेल, मिंट सॉस मात्र लांब ठेवा, त्यातल्या व्हिनेगरपुढे वाईन सपक लागते.

बार्बेक्यूवरचा स्टेक तर डोळे झाकून, आणि काळी मिरी हात आखडता न घेता घाला कारण शिराझमधला मिरीचा वास ज्या रोटंडोन नावाच्या सुगंधी घटकामुळे येतो तेच मिरीतही असतं. कांगारूबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळे शिराझसोबत सुचवतात पण त्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच, जरा जास्त शिजलं की चिवट, आणि वर ही एवढी टॅनिनवाली वाईन. त्याला व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्ससारख्या थंड भागातली हलकी शिराझ घ्या. आणि हसू नका, पण मीट पायसोबत ही मस्त जाते, फक्त वरून टोमॅटो सॉस ओतू नका!

मांस खात नसाल तर मोठे मशरूम बटर घालून ग्रिलवर चांगले काळे होईपर्यंत भाजा, किंवा जुना मुरलेला चेडर घ्या, तो तर मला लँबच्या खालोखाल आवडला. मासे आणि ऑयस्टर नकोच, तोंडात लोखंडी चव येते. तिखट पण नको, एवढ्या अल्कोहोलने मिरचीची आग अजून भडकते.

एक गोष्ट बरेच जण करत नाहीत, अ‍ॅडलेडच्या उन्हाळ्यात घरातलं तापमान तीसच्या वर असताना बाटली तशीच उघडतात आणि मग म्हणतात नुसतं अल्कोहोल लागतंय. अहो दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ डिग्रीला ही वेगळीच वाईन आहे. मग ग्लासात ओतून थोडा वेळ तशीच राहू द्या.

किंमत पन्नास ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, सेलवर कमी. रोजच्यासाठी महाग, पण लँब रोस्ट करणार असाल तर मी दुसरं काही शोधणार नाही. बिन ३८९ अजून भारी लागते, ती कॅबर्ने आणि शिराझ या दोन द्राक्षांची मिळून केलेली आहे, पण किंमत जवळपास दुप्पट. आणि बाटली उरली तर स्क्रू कॅप घट्ट लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी तुरटपणा कमी होतो आणि उरलेल्या थंड लँबच्या सँडविचसोबत कधीकधी पहिल्या दिवसापेक्षा बरी लागते.